बारापैकी नऊ

तारीख नऊ फेब्रुवारी २०२५, रविवार. त्या दिवसापर्यंतचा खर्च सहा हजार आठशे चाळीस रुपये. काचीगुड्यातल्या आमच्या घराच्या फाटकाजवळ नळाचा खड्डा आहे, त्याच्याभोवती आम्ही तिघं होतो: मी, माझी बायको आणि प्लंबर. प्लंबरनं पाइपावर मोटरवर चालणारे दोन व्हॉल्व्ह बसवले, मी त्यांच्या वायरी जोडल्या. बायको पायरीवर बसून बघत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे आता मी जाऊ?"

मी म्हणालो, "आधी तपासू दे."

आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. वेळ ठरलेली नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार यांच्यामध्ये, गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडणारा माणूस ज्या वेळी पोहोचेल ती वेळ. पाणी पाऊण तास टिकतं. पहिली सात-आठ मिनिटं ते तांबूस येतं. ते गटारात सोडायचं, ओंजळीत घेऊन बघायचं, आणि स्वच्छ झालं की पितळी कॉक हौदाकडे फिरवायचा. लवकर फिरवला तर सबंध हौद नासतो, विसरला तर पाणी गटारात जातं आणि पुढचे दोन दिवस बादल्या मोजाव्या लागतात. हौदावर आम्ही दोघं आणि वरचं बिऱ्हाड अशी सहा माणसं. वरची दोघं नोकरीला, मुलं शाळेत. टँकर आमच्या गल्लीत वळत नाही. मी शहरातच हिमायतनगरला एका खाजगी कंपनीत हिशेब बघतो, साडेनऊला बाहेर पडतो. म्हणजे तेवीस वर्षं तो कॉक माझ्या बायकोनंच फिरवला. एकदा मी हिशेब करून तिला सांगितलं होतं की हे काम तिनं चार हजारांहून जास्त वेळा केलं आहे.

"मोजलंत," ती म्हणाली. "फिरवला नाहीत."

तिची आई नांदेडला, तिच्या भावाकडे. वय पंच्याऐंशी. डिसेंबरपासून सासूबाई अंथरुणावर होत्या. आजाराला नाव नव्हतं, खाणं कमी कमी होत चाललं होतं. जानेवारीत बायको एका रात्रीसाठी जाऊन आली, कारण तिसऱ्या दिवशी नळ होता. निघताना आईनं तिचा हात धरला आणि विचारलं, "आलीस कशाला मग?" परत आल्यावर ती मला म्हणाली, "असं तोंड दाखवून यायला मी पुन्हा जाणार नाही. गेले तर राहीन. शेवटपर्यंत राहीन."

तिनं उपायही सुचवला होता. शेजारच्या भाभींना सांगते, त्या दुपारी घरीच असतात, फाटक उघडून कॉक फिरवतील. मी नको म्हणालो. चार वर्षांपूर्वी त्या घरानं सरकारी पाइपाला थेट मोटर लावली होती. त्या मोटरीनं सगळ्या गल्लीचं पाणी ओढलं जात होतं. मी तीस दिवस हौदाची पातळी मोजून आकड्यांसकट लेखी तक्रार दिली. मोटर जप्त झाली, दंड झाला. तेव्हापासून त्या घराशी माझं बोलणं नाही. बायकांचं भिंतीवरून चालूच होतं, वाट्या इकडून तिकडे जात होत्या, पण तक्रार मी केली होती आणि उपकार मी मागायचे, हे मला जमणारं नव्हतं. मार्च तोंडावर होता, वर्षअखेरीला रजा मिळत नाही, म्हणून मी तीही मागितली नाही. मी म्हणालो, यंत्र करू.

यंत्र काही फार मोठं नव्हतं. कोठीच्या बाजारातून आणलेला वायफायचा एक छोटा सर्किट बोर्ड. पाइपात एक चक्री, पाणी वाहिलं की फिरणारी. एक काचेचा डोळा, पाणी गढूळ की स्वच्छ ते सांगणारा. हौदाच्या झाकणाखाली पातळी मोजणारा एक सेन्सर. पाणी आलं की पहिला व्हॉल्व्ह गटाराकडे उघडायचा, स्वच्छ झालं की तो बंद होऊन दुसरा हौदाकडे उघडायचा. प्रत्येक पायरीला माझ्या फोनवर संदेश. संदेशाचे शब्द मीच मराठीत लिहिले होते: "पाणी आलं." "गढूळ आहे, वाट बघतो." "हौदात सोडलं." जुना पितळी कॉक मी काढला नाही, बाजूनं पाइपाची आडवाट ठेवून त्यावर तसाच राहू दिला. काही बिघडलं तर हातानं चालावं म्हणून.

नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला. सलग बारा वेळा बिनचूक चाललं तर तिनं जायचं. मध्ये एक जरी चूक झाली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. बारा का, तर आमच्या ऑफिसात हिशेबाचा नवा प्रोग्राम बारा महिन्यांचे आकडे जुळल्याशिवाय आम्ही घेत नाही. दिवसाआड नळ म्हणजे चोवीस दिवस.

"आणि आईला काय सांगू?" तिनं विचारलं.

"चोवीस दिवस सांग."

दहा फेब्रुवारीला पहिल्याच वेळी चुकलं. पाणी येण्याआधी पाइपातून हवा येते, तिनं चक्री गरागरा फिरली. पाणी नसतानाच यंत्रानं पाणी आलं म्हटलं, हवा स्वच्छ ठरवली, हौदाकडचा व्हॉल्व्ह उघडला आणि मागून आलेलं तांबूस पाणी सरळ हौदात. वरच्या बिऱ्हाडाची पांढरी कापडं गेली. बायकोनं आणि मी त्याच रात्री हौद उपसून घासला. मी प्रोग्राममध्ये चार मिनिटांचा थांबा घातला.

मग तीन वेळा बरोबर. अठराला वायफाय गेलं आणि बोर्ड अर्ध्यात अडकला. वायफायशिवायही बोर्डानं स्वतःचं स्वतः चालावं, आणि काय केलं ते आपल्याच कार्डावर लिहून ठेवावं, असा बदल करायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. मोजणी शून्य. मग सहा वेळा बरोबर. चार मार्चला हौदाच्या झाकणाखालच्या सेन्सरवर वाफेचे थेंब जमले आणि रिकामा हौद त्याला भरलेला दिसला. मोजणी शून्य.

या सगळ्या दिवसांत बायको दुपारी घरीच असायची, खड्ड्याशी उभी. यंत्र चुकलं तर तिनं कॉक फिरवायचा आणि मला कळवायचं. म्हणजे तिचं काम होतं तेवढंच राहिलं होतं, वर नोंद वाढली होती. संध्याकाळी मी दारात चप्पल काढताना ती विचारायची नाही, मीच सांगायचो: "चार." "पाच." तिची बॅग पलंगाखाली भरलेली होती. एक दिवस तिनं ती ओढून त्यातला स्वेटर काढून घेतला. थंडी संपली होती.

मेहुण्याचा फोन आठवड्यातून दोनदा असे, नंतर एक दिवसाआड. तो मला दाजी म्हणतो.

"दाजी, ताईला पाठवा की. आई रोज विचारायलीय."

"अजून सहा राहिलेत."

"काय सहा?"

मी समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, तो माणूस सभ्य आहे. शेवटी म्हणाला, "नळासाठी का, दाजी?" आणि तेवढ्यावर फोन ठेवला. मला त्याचा राग आला. ज्याच्या घरी बोअरला बारमाही पाणी आहे त्याला हे कळायचं नाही, असं मी बायकोला म्हणालोही.

मार्चच्या मध्यानंतर मेहुणा म्हणू लागला की आई आता विचारत नाही. बायकोनं मला ते सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "म्हणजे शांत आहेत." तिनं माझ्याकडे बघितलं आणि पोळी तव्यावर टाकली.

बावीस मार्च, शनिवारी नऊ पुरे झाले. तोवर सलग इतके कधी झाले नव्हते. ती म्हणाली, "नऊ झाले ना? तीनच राहिलेत. मी उद्या जाते."

मी म्हणालो, "चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. एकोणतीसला जा. सहा दिवसांनी काय होतंय?" आणि तिथंच बसून मी एकोणतीसचं तिकीट काढलं. ते तिला दाखवलं. तिनं चष्मा लावून तारीख वाचली आणि फोन मला परत दिला. खरं तर ती माझ्या परवानगीनं चालणारी नव्हे. गेली असती तर मी अडवलं नसतं. पण हौद रिकामा राहिला, वरच्यांना पाणी मिळालं नाही, तर मी काय काय बोलेन ते तिला तेवीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

चोवीसला सोमवारी सकाळी दहा चाळीसला मेहुण्याचा फोन ऑफिसात मला आला. सासूबाई पहाटेच गेल्या होत्या. ताईला आधी सांगायचा त्याला धीर झाला नव्हता.

साहेबांच्या खोलीत जाऊन मी रजा मागितली. ते म्हणाले, "जा, जा, विचारताय काय?" मार्च महिना होता. मी चौदा दिवस म्हणालो, ते म्हणाले, "लागतील तेवढे घ्या." सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.

स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर आहे. दुपारची गाडी मिळाली. एक बावन्नला गाडीत माझा फोन वाजला: "पाणी आलं." मग: "गढूळ आहे, वाट बघतो." पुढचा संदेश आला नाही.

बायकोनं विचारलं, "कुणाचा?"

"कुणाचा नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी सातनंतर पोहोचलो. आमच्यासाठीच थांबले होते. बायको आईजवळ बसली, केस नीट केले, पाचेक मिनिटं. मग नेलं.

नांदेडला मला यंत्राचा एकही संदेश आला नाही. तिसऱ्या दिवशी मी वरच्या बिऱ्हाडाला फोन केला. "पानी तो बराबर है अंकल, क्यों?" मग मी समजलो. वायफाय बंद पडलं असणार, पण बोर्ड आपलं आपण चालत होता, मी केलेला बदल उपयोगी पडला होता. सुतकाच्या घरात बसून मी मनात मोजत राहिलो: दहा, अकरा, बारा. बारा झाले त्या दिवशी मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं वाटलं होतं. दहाव्याचे विधी आटोपून नदीवरून परत येताना मी बायकोला म्हणालोसुद्धा, "घरचं पाणी व्यवस्थित चाललंय. यंत्र चाललं शेवटी." तिनं ओला पदर पिळला आणि चालत राहिली.

सात एप्रिलला सकाळी परत आलो. हौद काठोकाठ, पाणी काचेसारखं. मी खड्ड्याचं झाकण उघडलं. काचेच्या डोळ्यावर चिखलाचा पातळ थर बसला होता. गटाराच्या तोंडाशी जुन्या चादरीचा घट्ट बोळा पडलेला होता. तो आमच्या घरातला नव्हता. वायफाय खरोखरच बंद पडलेलं होतं, म्हणून बोर्डाच्या कार्डावरची नोंद मी संगणकावर वाचली. चोवीस मार्च ते पाच एप्रिल, सात वेळा नळ आला होता. सातही वेळा यंत्रानं एकच लिहिलं होतं: गढूळ आहे, वाट बघतो. हौदाकडचा व्हॉल्व्ह एकदाही उघडला नव्हता.

म्हणजे चोवीसला मोजणी पुन्हा शून्यावर आली होती. त्या सकाळी तो फोन आला नसता तर संध्याकाळी मी वहीत शून्य लिहिलं असतं, एकोणतीसचं तिकीट रद्द केलं असतं आणि तिला आणखी चोवीस दिवस सांगितले असते. याबद्दल मला शंका नाही.

शेजारच्या भाभी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या. चार वर्षांनी मी त्यांच्याशी बोललो. विचारलं, कॉक कोणी फिरवला.

"मैं घुमाई, और कौन? पानी मोरी में जारा था, चादर ठूँस के घुमाई." त्या म्हणाल्या. "तुमारी बीवी रिक्षे में बैठते बैठते बोल के गए, भाभी जरा पानी देख लेना. बस. तुमारी मशीन तो खाली लाल बत्ती मारते बैठी थी."

मी पाकीट काढलं. सात वेळांचे काही तरी घ्या, असं काहीसं म्हणालो.

"नक्को, भाई साब. उनके वास्ते करी मैं, तुमारे वास्ते नै." त्यांनी चिमटे लावले. मग म्हणाल्या, "पयले बोलते तो क्या जाता था? दो मिन्टाँ का काम. अम्माँ को देख लेती बिचारी."

मी आत आलो. बायको चहा ठेवत होती. भिंतीवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येतं. मी विचारलं, "नदीवरून येताना मी म्हणालो तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. "तुमचे बारा झाले होते ना."

त्यानंतर या विषयावर आमचं बोलणं झालं नाही. ती रागावलेली नाही. जेवण वेळेवर होतं, औषधाच्या गोळ्या ती माझ्या ताटाशी ठेवते. मी बोलायला गेलो की ती ऐकते आणि कामाला लागते. बॅग अजून पलंगाखालीच आहे, मी बघितली, रिकामी आहे. नांदेडला जायचं आता तिला काही कारण उरलेलं नाही.

तारीख तेरा एप्रिल, रविवार. एकूण खर्च नऊ हजार तीनशे दहा, तिकीट रद्द केल्याची कपात धरून. खड्ड्यापाशी दोघं होतो, मी आणि प्लंबर. बायको शेजारी गेली होती. प्लंबरनं दोन्ही व्हॉल्व्ह काढले, पाइप सरळ केला आणि पितळी कॉक होता त्या जागी बसवला. "चल रहा था ना साब? कायको निकाल रहे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नऊ वेळा चाललं. त्याला मजुरीचे साडेतीनशे रुपये रोख दिले.