शेंदराखालची गारगोटी

विहीर खोदण्यात वाळूमामांचा हात धरील असा माणूस सिन्नरकडे नव्हता आणि थापा मारण्यातही नव्हता. त्यांच्या सुरुंगानं उडालेला दगड म्हणे थेट येवल्यात पडला होता. त्यामुळे १९९६ साली, "विहिरीत गारगोटी घावली, आरपार पेपर वाचता येतो," असं ते सांगू लागले, तेव्हा पारावरच्या मंडळींनी कोणता पेपर, एवढंच विचारलं.

मामांना ते फार लागलं. "एकदा खरं बोललो, तर कुणी ऐकंना," मला म्हणाले. मी नाशकात गंगापूर रोडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. मला दया आली. पंधरा दिवसांनी, मामा परगावची विहीर आटोपून आले, त्याच रविवारी मी भूगर्भशास्त्राच्या सरांना गावी नेलं. अख्खा पार मागोमाग आला.

सरांनी मामांच्या घरामागच्या त्या विहिरीच्या काठावर समजावलं. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, दगडात पोकळ्या राहतात. झिरपणाऱ्या पाण्यात गारेचा, म्हणजे सिलिकाचा, अंश विरघळलेला असतो. तो लाखो वर्षं आत साचत जातो आणि सहा अंगांचे टोकदार स्फटिक वाढतात.

"चला, दावतोच!" मामा घरात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले.

कोनाड्यात शेंदराचा गोळा होता. गारगोटी निघाली त्याच दिवशी विहिरीला पाणी लागलं होतं, म्हणून तानुबाई मामींनी तिला पाण्याचा देव ठरवून रोज तेलशेंदूर चढवला होता. आता टोकं नाहीत, अंगं नाहीत, नुसता लालभडक गोळा!

"थोडं खरवडून बघू?" सरांनी विचारलं.

मामी कोनाड्यापुढे उभ्या राहिल्या. तीस वर्षांत मामांनी विहिरींतून आणलेला प्रत्येक दगड त्यांनी उकिरड्यावर टाकला होता. पुजला तो हा एकच.

मामांनी एकदा पारावरच्या मंडळींकडे पाहिलं, एकदा मामींकडे.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. साधा दगड हाय. थाप मारली म्या."

मंडळी पोट धरून हसली. सर माझ्यावर तडकले आणि एकटेच बसथांब्याकडे चालू लागले. मला मात्र मामांसाठी फार वाईट वाटलं.

निघताना निरोप घ्यायला आत गेलो. मामींनी देवापुढे नारळ फोडला होता. खोबऱ्याचा तुकडा मामांच्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "पयल्यांदा शेंदूर लावताना माझी बोटं आरपार दिसत व्हती, बरं का."