सीटखालचा तिसरा प्लग

नाव न देता लिहितेय. यातली अमानवीय गोष्ट सांगायला भीती वाटत नाही, बाकीची सांगायला लाज वाटते. भूत, मुहूर्त, विटाळ... मी यातलं काहीच मानत नव्हते. आमच्या घरी मानतात.

आम्ही केदारखेड्याचे. मी जालन्यात नोकरी करते, दसऱ्याला गावी गेले होते. सकाळी गाडीची पूजा झाली, आणि झेंडू भरलेला पप्पांचा जुना छोटा पेट्रोल ट्रक झटके खाऊन बंद पडला. फुलं दुपारच्या आत जालन्याच्या बाजारात पोचायला हवी होती — दुसऱ्या दिवशी झेंडू कोण घेतं? सणामुळे गॅरेज बंद. पप्पांनी सीट उचलून स्वतःच प्लग बदलायला घेतले. दोन झाले. तिसरा पार मागे, पाइपांच्या आड. जुना पान्याने निघाला, पण नवा आधी बोटांनी आट्यात धरवावा लागतो, आणि पप्पांचा पंजा तिथे जाईना.

"तुझा हात बारीक हाये. ये जल्दी."

मला आदल्या रात्री पाळी आली होती. अशा वेळी आमच्याकडे पूजेच्या गाडीला शिवत नाहीत. हे फक्त आईला माहीत होतं. ती म्हणाली, राहू द्या, तिचा ड्रेस खराब होईल. पोती चढवणारे काका हसले, "मंग काय, मॅडमचे हात काळे होतेन ना."

पप्पांना कसं सांगणार... मी हात घातला.

प्लग तिरपाच जायचा. आटे गेले तर इंजिनचं मोठं काम निघेल, असं पप्पा बजावत होते. माझ्या मनात एकच — माझ्यामुळेच बसत नाहीये. ज्यावर माझा विश्वास नव्हता, तेच घोकत होते. डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा आत कुणीतरी माझी बोटं धरली.

माणसाची बोटं. कोरडी, आणि त्या तापलेल्या इंजिनात गार. त्यांनी माझ्या बोटांसकट प्लग आधी उलटा फिरवला, बारीक टक् झालं, मग सुलटा. प्लग सरळ आत गेला. मी हात ओढून गाडीखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. पप्पा आणि काका माझ्या मागेच उभे.

गाडी लगेच सुरू झाली. "तुझं मनगट आधी उलटं फिरलं, मी पाह्यलं. हे कोणी शिकवलं गं तुला?" पप्पांनी विचारलं.

फुलं वेळेत गेली. संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पप्पा सांगत होते, पोरीच्या हातानं गाडी चालू झाली. मी मान वर केली नाही. मोरीत हातांवर गरम पाणी ओतताना आई हळूच म्हणाली, "कुठं बोलू नको." ती पाळीबद्दल म्हणत होती. बोटांबद्दल मी तिलाही सांगितलं नाही.

ते कोण होतं, अजून कळलेलं नाही. जे कुणी होतं, त्याला माझ्या पाळीचं माहीत असणार असं वाटतं. पप्पांना कळलं असतं तर त्यांनी मला बाजूला केलं असतं... त्या बोटांनी केलं नाही. हात मीच ओढून घेतला.