सीतादही हे नाव मी विकलं

मला दोन माणसांचे आभार मानायचे आहेत. नऊ वर्षं झाली, मानता आलेले नाहीत. आभारासाठी तोंड उघडलं की आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागेल हे लक्षात येतं — आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमच्या-माझ्यात अजून काही बिघडलेलं नाही. आणि कारण आता ते घेऊन बसवत नाही.

यवतमाळला बसस्टँडपासून जरा आत माझं दुकान आहे. लोकांना वेबसाइट करून देतो. वेबसाइटला नाव लागतं, ते दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे राखावं लागतं. आमच्याकडच्या गिऱ्हाइकांजवळ तेव्हा ना ईमेल असायचा, ना कार्ड. म्हणून आम्ही धंदेवाले ते नाव सरळ आमच्याच ईमेलवर, आमच्याच नावानं घ्यायचो. गिऱ्हाईक समजायचं, नाव आपलं. कागदावर ते आमचं असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

विमलताई जवळच्याच लोहारा गावच्या. बाळंतविडा शिवायच्या — बाळाची गादी, दुपटी, टोपडी. गादीत घरच्या वावरातला, हातानं वेचलेला कापूस. नवरा, गजाननभाऊ, शेती करून गादीची पार्सलं मोटरसायकलवर कुरिअरला पोचवायचे. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा नाव ठरवूनच आल्या होत्या. सीतादही. आमच्या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात नेतात, कपाशीच्या झाडापाशी ठेवतात, हात जोडतात, मग बोंडाला हात लावतात — ते सीतादही. "माही माय दरसाल करे," ताई म्हणाल्या. "तिच्या हातचा कापूस पाह्यला नाई तुम्ही, सर. दह्यावानीच." मी इंग्रजी अक्षरं जुळवून पाहिली. नाव मोकळं होतं. घेतलं.

तीन वर्षं ती वेबसाइट चालली. नागपूर, पुणे, एकदा तर बंगळूरहून मागणी आली. आणि मग एक दिवस माझ्या ईमेलवर पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र आलं. सुती कपड्यांचा नवा उद्योग काढतो आहोत, हे नाव आम्हाला हवं आहे, एवढ्या रकमेला विकणार का?

ते पत्र ताईंचं होतं. माझ्याकडे फक्त आलं होतं. संध्याकाळी लोहाऱ्याला चक्कर मारून दाखवायचं ठरवलं होतं मी — खरंच ठरवलं होतं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं : नाव विकायचं नाही.

हे प्रामाणिकपणानं लिहिलं असं वाटतं का तुम्हाला? मलाही तेव्हा तसं वाटून घ्यायचं होतं. तासाभरात त्यांनी रक्कम वाढवली. माझ्या साऱ्या आयुष्यात गिऱ्हाइकांनी भाव पाडला होता. "सर, जरा कमी करा ना" हे वाक्य ऐकत केस पांढरे झाले. कुणी आपणहून भाव चढवतं आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. गोड लागलं ते. मी पुन्हा नाही म्हटलं.

मी त्यांना ताईंची हकीकत लिहून पाठवली. आईच्या हातचा कापूस, सीतादही, दुपारभर शिलाई मशीनवर वाकलेली पाठ. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. या नावात एका बाईचं मन गुंतलं आहे, तेव्हा एवढ्यात कसं द्यायचं — असं मी लिहिलं, आणि खाली माझा आकडा. तिचं गुंतलेलं मन मी भाव वाढवायला वापरलं. कळतं आहे ना तुम्हाला? लबाडी करणारा निदान खोटं तरी बोलतो. मी तिचं खरं विकायला काढलं.

मग चार दिवस तिकडून काहीच नाही. मी दर दहा मिनिटांनी ईमेल उघडायचो. सौदा फिसकटला, फार ताणलं, असं वाटून जेवण जाईना. पाचव्या दिवशी फोन आला. कंपनीतली मुलगी होती, बोलायला फार चांगली. तुम्ही मागता ती रक्कम मंजूर आहे, म्हणाली. आणि मग — "सर, त्या ताईंशी आम्हाला बोलता येईल का? बाळाच्या गाद्या आम्ही त्यांच्याकडूनच घेऊ शकतो. नावासोबत त्याही आल्या तर आम्हाला आवडेल."

नऊ वर्षं हे वाक्य मला पाठ आहे.

ताई त्यांच्याशी बोलल्या असत्या तर रक्कम त्यांना कळली असती. मी म्हणालो, त्या बाहेरच्या माणसांशी बोलत नाहीत हो. विमलताई! ज्या नागपूरच्या एसटीत चढल्या की उतरेपर्यंत कंडक्टरच्या मुलीचं लग्न जमवून देतात, त्या. मुलगी म्हणाली, "ठीक आहे, सर, त्यांना नमस्कार सांगा." तोही मी सांगितला नाही.

नाव दुसऱ्याच्या हवाली करायला काही लागत नाही. एक सांकेतिक क्रमांक असतो, तो पाठवायचा. दोन मिनिटं. दुपार होती.

आता ताईंना काय सांगायचं? खरं सांगून पैसे त्यांच्यापुढे ठेवायला तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी दोन दिवसांनी लोहाऱ्याला गेलो आणि म्हणालो, नावाची मुदत संपत होती. ती वाढवायला तुमच्या मोबाईलवर एक नंबर येतो, तो मला लगेच सांगावा लागतो. मी परवा दुपारी तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. नाव गेलं.

घरात फोन एकच, गजाननभाऊंचा. ताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"अजी, कुठी होता परवा फोन?"

"वावरात. पिशवीत घालून लिंबाच्या फांदीले टांगलता."

"अन् तुम्ही?"

"मी दुसऱ्या धुऱ्यावर."

"बाप्पा! पिशवीले कान असते काय मंग?"

भाऊंनी खिशातून फोन काढला, उलटसुलट केला. मला धडकी भरली — न उचललेले कॉल बघतील. पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो समोर चहा पीत बसला होता. ताई आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते. "जाऊ द्या, सर. तुम्ही तरी काय करान? दुसरं पाहा एखादं." मी दुसरं नाव माझ्या खर्चानं घेऊन देतो म्हणालो. त्यावर त्यांनी मला हात जोडले.

पुढच्या महिन्यात दुकानात दोन नवे संगणक आले आणि काचेचा दरवाजा लागला. तो दरवाजा लोटून एक दिवस गजाननभाऊ आत आले. एकटेच. चपला बाहेर काढल्या होत्या, आमच्याकडे कुणी काढत नाही. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी.

"सर, माह्यापायी तुमाले तरास झाला. तिच्यासमोर बोलता नाई आलं मले. तीनदा फोन केला तुम्ही, अन् मी तिकडं ढेकलं फोडून राह्यलो होतो. माफी करा."

मी काय म्हणालो असेन? "असू द्या, भाऊ. होतं असं." मी त्यांना माफ केलं! त्या शेंगा आम्ही घरी मीठ घालून उकडून खाल्ल्या.

नव्या नावाला जुनं बळ आलं नाही. जुनी गिऱ्हाइकं सीतादही शोधत, आणि तिथं आता दुसऱ्याच्याच चादरी असत. ताईंनी सहा महिने कसेबसे काढले, मग पुन्हा फोनवर आणि ओळखीवर धंदा उभा केला. उभा केला त्यांनी, मोठ्या हिमतीच्या.

आणि माझा पडत चालला. कोरोनात दुकान बंद झालं, उघडलं तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. संगणक विकायला काढले होते. तेव्हा एका सकाळी तीन बायका आल्या — बचत गटाच्या. मग दुसऱ्या गटाच्या. मग एका तांड्यावरच्या, काचा लावलेल्या पिशव्या करणाऱ्या. सगळ्यांना विमलताईंनी पाठवलं होतं. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, ताई तालुक्याच्या बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, "आमचे सर खोटं बोलत नाई. आमच्याच चुकीनं नाव गेलं, तरी त्यायनं दुसरं फुकट देल्लं."

माझ्या मुलीचं शिक्षण त्या वाक्यावर झालं. आज माझ्या घरात जे शिजतं ते त्या वाक्यावर शिजतं. ताईंचे आभार मी कोणत्या तोंडानं मानू, सांगा? पण मानायचे तर आहेत. पोटातून मानायचे आहेत. अशी माणसं मला भेटली, हे माझ्या वाट्याला यायला नको होतं इतकं मोठं आहे.

गिऱ्हाइकांची नावं आता मी त्यांच्याच ईमेलवर घेतो, ईमेल नसेल तर समोर बसवून काढून देतो. हे भरपाई म्हणून सांगत नाही. भरपाई नाही ती.

गेल्या हिवाळ्यात ताईंच्या मुलीचं लग्न झालं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि गजाननभाऊंचा फोन वाजला. सगळ्यांसमोर त्यांनी खिशातून काढून कानाला लावला. कर्ज हवं का म्हणून विचारणारी कुणी बाई होती. मांडव हसला. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "काय सांगू वहिनी, हा माणूस आंघोळीले फोन घेऊन जाते. एकदा नाव घालवलं न त्यायनं! आता जावयापेक्षा फोनले जपते." भाऊही हसले. हसता हसता माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. नऊ वर्षांनी. मुलीच्या लग्नात.

त्या खाली गेलेल्या मानेमुळे हे लिहितो आहे. उद्या सकाळी हा कागद लोहाऱ्याला नेऊन मी ताईंच्या हातात देईन. त्या मोठ्यानं वाचतात, भाऊ ऐकतात. तशी त्यांची पद्धत आहे. नाव मी विकलं, तुम्हाला बोलावणारा फोन मी अडवला, पैसे मी घेतले — ताई, हे तुमच्यासाठी वर लिहिलंच आहे. उरलेलं भाऊंसाठी.

गजाननभाऊ, त्या दुपारी लिंबाच्या फांदीला टांगलेला तुमचा फोन वाजलाच नव्हता. मी लावलाच नव्हता.