पराटीचं लग्न

माती जिभेवर ठेवून तिचा स्वभाव सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे हे साडभाऊ अकोल्याला शेतकी खात्यात होते. ताटातल्या भाजीत मीठ आहे की नाही हे त्यांना कळत नसे, पण भातकुलीकडच्या खारपाणातलं ढेकूळ चाटून ते सांगत, "वरून गोड हाय, हातभर खाली खार बसला हाय." खणून पाहावं तर तसंच. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "या विहिरीवर पराटी जगत नाही." पराटी म्हणजे आमची कपाशी, आणि विहीर नवरदेवाच्या बापाची. वरमाय दिवसभर फुगून बसली.

राजापेठेतलं माझं बियाण्याचं दुकान मी हातगाडीपासून उभं केलेलं. फुकट मी कोणाला पत्ताही सांगत नाही. तरी खारपाणातला माझा जमिनीचा तुकडा साडभाऊंना प्रयोगासाठी दिला, तो एका अटीवर: खारात आणि उन्हात टिकणारी, लांब धाग्याची पराटी निघाली, तर बी आधी माझ्या दुकानात. त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे शब्द दिला, असं मी समजतो.

खाऱ्या बांधावर तग धरून राहिलेली एक आखूड धाग्याची पराटी त्यांना सापडली होती. तिचा पराग ते लांब धाग्याच्या पराटीच्या फुलाला लावत आणि ओळखू यावं म्हणून त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधत. निंदणाऱ्या बायांनी विचारलं, "काय करून राहिले, भाऊजी?" साडभाऊ मान वर न करता म्हणाले, "लगन जुळवून राहिलो, बाई."

झालं. पुढच्या शनिवारी गेलो तर शेत लाल. पंचक्रोशीतल्या उपवर पोरींच्या आयांनी नवस बोलून पराटीच्या देठादेठाला लाल दोरे बांधले होते. आपला दोरा कोणता, हे साडभाऊंनाही सांगता येईना. कित्येक वर्षांची मेहनत त्या लाल गर्दीत हरवली. ते बांधावर मटकन बसले.

मी संतापलो. बायांना गोळा करून सौदा मांडला: आपापला दोरा सोडा, नारळ घ्या. एक म्हातारी म्हणाली, "नवसाचा दोरा लगनाआधी सुटते काय? जावई आनून द्या, आत्ता सोडू." अकोल्याच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा मी, नारळांचं पोतं पुन्हा बांधू लागलो.

साडभाऊ मात्र हसत उठले. "सारेच दोरेवाले बोंडं वेचू. खारात पेरू. कोणतं खरं, ते खारच सांगन."

आणि खारानं सांगितलं. पुढच्या साली पट्टाभर रोपं पिवळी पडत गेली, पण मधूनमधून काही हिरवीगार उभी राहिली. पावसानं ओढ दिली, तरी उभी. बोंड फुटलं तेव्हा मी धोतर सावरत ओळींमधून धावलो. धागा लांब होता. साडभाऊ एका झाडाशी उकिडवे बसून त्याच्याशी बोलत होते.

पुढे दोन साल निवडून बी वाढवलं, आणि या गृहस्थानं ते ओंजळ-ओंजळ त्या बायांना वाटून टाकलं. मी कडाडलो, "शब्दाचं काय?"

"कोणाचा दोरा लागू पडला, काय माईत? तुमीबी एक बांधाले पायजे होता."

"आमाले पोरगी कुठं हाय?"

पोत्याच्या तळाशी उरलेलं बी साडभाऊंनी माझ्या उपरण्यात ओतलं.

शब्द मोडला तो मोडलाच. साडभाऊ गेले तरी मी ते विसरलेलो नाही. ते बी मी दुकानात मांडलं नाही. घराच्या मागच्या अंगणात पेरलं. बायको अजून त्याच कापसाच्या वाती वळते.