झाकणाला लावलेला साबण

पेट्रोलच्या वासाने बहिणीला उलटी होते, म्हणून तिच्या भरतीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणाला असलेलं बारीक भोक कपड्याच्या साबणाने बुजवलं. टाकी कुठे पाझरली की साबण घासायचा, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. वास बंद झाला. मी खूश.

आमच्या घरात आजवर सगळे मेंढरं राखणारे. कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरूही देत नसे.

सकाळी आटपाडीहून निघालो. मी गाडी चालवतोय, शेजारी आमचे वडील, आबा, मागे बहीण. सांगलीत परीक्षा केंद्राचं फाटक नऊला बंद होणार होतं. वयाच्या अटीमुळे या भरतीत तिला ही शेवटची संधी होती.

विट्याच्या पुढे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली.

"इंजिनला पेट्रोल पोचत नाही," मी बॉनेट उघडून जाहीर केलं. फिल्टर काढला, तोंडाने जोरात फुंकला, परत बसवला. गाडी सुरू झाली.

"कचरा अडकला होता. शिक्षण असं कामाला येतं."



तासगाव ओलांडलं आणि पुन्हा तेच आचके. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मागून आलेल्या एसटीला बहिणीने हात केला. दारापर्यंत माणसं लोंबकळत होती, ती थांबलीच नाही. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो.

"दादा, मगाशी हेच केलंवतंस की."

"तू गप बस."

गाडीचा पेट्रोलचा काटा चालत नाही. पेट्रोल किती उरलंय ते बघायला आबा काडी घेऊन टाकीकडे गेले. त्यांनी झाकण फिरवलं मात्र, टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. मला बॉनेटपाशी ऐकू आलं.

"आरं, ही तर वारा पितीया!" आबा ओरडले. "तेलाच्या डब्याला दोन भोकं कशापायी पाडतोस रं? एकातनं तेल येतं, दुसऱ्यातनं वारा आत जातो. हिचं नाक कुणी दाबलं?"

"दादानं. काल साबण लावला," बहीण म्हणाली.

आता मला उमगलं. विट्याला फिल्टर काढताना पाइपातून टाकीत हवा गेली, म्हणून गाडी चालली होती. माझ्या फुंकण्याने नव्हे.

"आता बघतोस काय? हाण गाडी!" आबा म्हणाले.

साबण वाळून घट्ट बसला होता. झाकण एक आटा सैल ठेवून निघालो. वास आत भरला. बहिणीने नाकाला ओढणी बांधून तोंड खिडकीबाहेर काढलं. माझा कान इंजिनकडे, डोळा घड्याळाकडे.

पोचलो तेव्हा शिपाई फाटक ओढत होता. "आवं काका, थांबा!" बहीण गाडी थांबायच्या आधीच उतरून पळाली आणि उरलेल्या फटीतून आत गेली.

मग मी सेफ्टी पिनने भोकातला साबण कोरत बसलो.

"समदा काढ," आबा म्हणाले. "मी काय कालेजात गेल्यालो न्हाई. पर भोक कुणी उगं पाडत न्हाई."

"व्हय आबा."

दुपारी बहीण बाहेर आली. पेपर बरा गेला होता. गाडीत बसताच तिने नाक धरलं.

"दादा, लय वास येतोय."

"येऊ दे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.