फणसाच्या मुठीचं पिस्तूल

यमुनाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मागच्या अंगणात उभी होती. उजवा हात सरळ पुढे ताणलेला आणि त्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. मद्रासला येऊन मला चार दिवस झाले होते. आमच्या यांना अंबत्तूरच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि एग्मोरच्या मागच्या गल्लीत आम्ही बिऱ्हाड मांडलं होतं. शेजारीण सूर्याला अर्घ्य देते आहे असं समजून मीही कुंपणाशी हात जोडून उभी राहिले.

"नमस्कार कोणाला करतीस गे?" तांब्या तसाच धरून तिनं विचारलं. "सूर्य त्या बाजूला आहे."

मराठी ऐकून मला रडूच आलं. तिचं घराणं तंजावरचं. माझ्या आजीच्या वेळचे शब्द तिच्या तोंडी तमिळच्या हेलात यायचे. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी, पण पहिल्याच आठवड्यात तिनं माझं 'अहो' बंद पाडलं. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि त्यांची कवायतही घ्यायची. कवायतीबरोबर रायफल आली, आणि रायफलीवरून ती पिस्तुलावर गेली. तांब्या हा त्याचाच सराव होता. "पाणी हललं की मी हलले," एवढाच तिचा नियम.

रायफल क्लबात बायकांना एक छोटं, खेळण्यातलं वाटावं असं पिस्तूल देत. ते अक्काला मुळीच आवडत नसे. तिला स्वतःचं हवं होतं, आणि तेही पूर्ण मापाचं. परवान्याच्या चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरनं विचारलं, घरात चोरांची भीती आहे का? अक्का म्हणाली, "चोर आला तर पेलाभर कापी पाजीन. मला कागदावरचं काळं वर्तुळ मारायचं आहे." परवाना मिळाला. माझ्या मते तो त्या बिचाऱ्यानं कंटाळून दिला असावा.

माउंट रोडच्या बंदुकांच्या दुकानात ती मलाही घेऊन गेली. रेल्वेतून निवृत्त झालेले पीटर्स नावाचे अँग्लो-इंडियन गृहस्थ मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि आपलं पिस्तूल त्यांनी तिथं विकायला ठेवलं होतं. बावीस बोअरचं, पण अंगानं थेट लष्करी पिस्तुलाएवढं. कडांचा काळा रंग उडून लोखंड पांढरं पडलं होतं. दुकानदार चकचकीत छोटी पिस्तुलं पुढे सरकवत होता, त्यांच्याकडे अक्कानं पाहिलंसुद्धा नाही. मोठं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तिनं ते उघडलं, पांढरा कागद धरून नळी आतून न्याहाळली, सगळे भाग हलवून कुठं खिळखिळं आहे का ते बघितलं.

"रंग उडाला तें बरं," ती मला म्हणाली. "वापरलेलं आहे, म्हणजे चालतं."

पीटर्ससाहेब तिथंच बसले होते. हे बाईमाणसाला पेलायचं नाही, असं ते इंग्रजीत समजावू लागले. अक्कानं पिस्तूल भिंतीकडे रोखून हात ताणला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तसाच ठेवला. बोलणं लांबलं, हात जागचा हलला नाही. शेवटी साहेबच हसले आणि दुकानदाराला म्हणाले, "यांनाच द्या."

तिनं त्यात फारसं काही बदललं नाही. गोळ्या भरायच्या मॅगझिनची स्प्रिंग सैल झाली होती, ती दुकानातूनच नवी बसवून घेतली. मूठ मात्र हाताला रुंद पडत होती. तिचा एक मावसभाऊ तंजावरला वीणा बनवायचा. अक्कानं पोळ्यांच्या कणकेचा गोळा मुठीत दाबला, उन्हात खडखडीत वाळवला आणि त्याच्याकडे पाठवला. वीणेच्या फणसाच्या लाकडातून उरलेल्या तुकड्याच्या दोन फळ्या त्यानं त्या मापानं कोरून दिल्या. त्या पिवळसर मुठीवर तिची बोटं अशी बसायची की बघत राहावं.

अडचण होती ती घरात. अक्काचे यजमान रेल्वेत गार्ड, सदा फिरतीवर. घरात तिच्या सासूबाई. त्या तिच्या सख्ख्या आत्याच, म्हणून ती त्यांना आत्या म्हणे. देव्हारा आहे त्या घरात हत्यार नको, असं आत्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अक्कानं ऐकलं नाही. गोळ्या एका ट्रंकेत आणि पिस्तूल कपाटात, दोन्हीला कुलूप. आत्या वर्षभर त्या कपाटाला वळसा घालून जात राहिल्या. भांडल्या नाहीत, पण अक्का क्लबातून आली की न्हाणीघराकडे बोट दाखवत.

मग नवरात्र आलं. तिकडे नवमीला पुस्तकं, वाद्यं, अवजारं देवापुढे मांडतात आणि दसऱ्याला पुनर्पूजा होईपर्यंत कशालाही हात लावत नाहीत. नेमकी त्याच दसऱ्याच्या सकाळी राज्याच्या संघाची निवड होती. अक्का वर्षभर तांब्या धरत होती ती याच दिवसासाठी. नवमीला मी पूजेच्या मांडणीला मदत करत असताना आत्या अचानक म्हणाल्या, "तेंही आण. आता घरचंच आहे." अक्कानं पिस्तूल आणून पाटावर ठेवलं. आत्यांनी चंदन उगाळलं आणि नातवाला तीट लावावी तसं जपून त्याला जागोजागी चंदन-कुंकू लावलं. अक्का माझ्याकडे पाठ करून डोळे पुसत होती.

दसऱ्याला पहाटे पुनर्पूजा झाली. देवापुढून उचललेली वस्तू आत्यांच्या देखत कोण पुसणार? तशीच फडक्यात गुंडाळून आम्ही क्लबात गेलो. तिथं फडकं सोडलं तर नेम धरायची मागची खाच चंदनानं पार बुजलेली, आणि ते वाळून दगड झालेलं. क्लबाचे सेक्रेटरी एक निवृत्त मेजर होते. ते म्हणाले, स्पर्धा थांबणार नाही. अक्कानं माझ्या केसांतली पिन मागून घेतली आणि शांतपणे खाच कोरत बसली. सरावाच्या गोळ्यांची वेळ त्यातच गेली. पिनेच्या दाबानं खाच जराशी सरकली होती, ते पहिल्या गोळ्या डावीकडे गेल्या तेव्हा कळलं. पुढच्या सगळ्या तिनं अंदाजानं उजवीकडे धरून काळ्या वर्तुळात बसवल्या. पण गेलं ते गेलं. निवड दुसऱ्याची झाली.

बसमध्ये मी रागानं म्हटलं, "आत्यांना सांगायला हवं."

"एक अक्षर नोको," अक्का म्हणाली. "वर्षभर सोसलं त्यांनी. काल पहिल्यांदा त्याला हात लावला. निवड मी पुन्हा मिळवीन गे. तो हात पुन्हा कोठून आणू?"

आत्या दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

"पूजा बेस झाली, आत्या. मीच कमी पडले. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या नवमीला तिनं आपणहून पिस्तूल पाटावर ठेवलं. आत्यांनी चंदनाचं बोट उचललं, तसं तिनं हलकेच त्यांचं मनगट धरून फणसाच्या मुठीवर नेलं. "हितं लावा. माझा हात हितंच असतो." आत्यांनी मूठभर चंदन लावलं.

त्या वर्षी तिची निवड झाली. आत्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, गेल्या वर्षी माझी पूजा उणी पडली होती, यंदा चंदन नीट जागी लावलं म्हणून पोरगी जिंकली. माझ्या दारात हे ऐकताना मी त्यांच्याबरोबर आलेल्या अक्काकडे पाहिलं. मला वाटलं, निदान मला तरी ती डोळा घालेल.

"खरंच तें," अक्का म्हणाली आणि आत्यांचा हात धरून त्यांना पुढच्या घरी घेऊन गेली.