भोंग्याची गळती

बँडमधले सगळ्यात वरचे सूर त्याच्या ट्रम्पेटचे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. बीपीच्या गोळ्या त्याने कधीच सोडून दिल्या होत्या. "नळाला दाब नसेल तर वरच्या मजल्यावर पाणी चढेल का?" हा त्याचा युक्तिवाद. अक्कल तेवढी तळमजल्यावरच राहिली होती, हे पुढे तोच सगळ्यांना सांगत सुटला.

एका सकाळी तालमीत ट्रम्पेटमधून नुसतं फुस्स निघालं. भोंग्याने तरातरा बाजे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान गाठलं.

"परवाच दुरुस्त करून दिलास ना? सगळी हवा गळतेय. कसला कारागीर रे तू!"

मिस्त्रीने ट्रम्पेट पुसला, ओठांना लावला आणि फुंकला. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

"बाजा ठणठणीत आहे," असं म्हणत त्याने भिंतीवरचा आरसा काढून भोंग्यापुढे धरला. "गळती इथे आहे बघ."

डावा गाल लोंबत होता, डावा डोळा मिटत नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, हे भोंग्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. इथे अंगण सरळ निघालं आणि तोंडच वाकडं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आठ्या घालायला लावल्या, हातपाय उचलायला लावले.

"मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजलीये. बीपी वाढलेलं असलं की हा धोका वाढतो, आणि तुमचं तर गगनाला भिडलंय."

"पुन्हा वाजवता येईल?"

"बहुतेकांचं तोंड जागेवर येतं. सगळ्यांचं नाही."

घरी भोंग्याने विनोदांचा सपाटा लावला. "अर्धं तोंड बंद, म्हणजे तुझा अर्धा त्रास वाचला," असं तो बायकोला म्हणे आणि चहा शर्टावर सांडे. पण न्हाणीघराची कडी लावून तो गाल फुगवून बघायचा. हवा डावीकडून निसटायची आणि तो पुन्हा फुगवायचा. ट्रम्पेटशिवाय आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

असाच महिना गेला. एका दुपारी बायको तोंडाचा पट्टा सोडून बसली होती. "धड चूळ भरता येत नाही आणि बँडमास्तरांना निरोप काय, तर माझी जागा भरू नका! नाटकात झाडाचं काम मिळेल तुम्हाला, तेही वठलेल्या!"

भोंग्याला खुदकन हसू आलं. बायको बोलता बोलता थांबली.

"अहो, पुन्हा हसा."

"का?"

"डावीकडचं हललं." तिने त्याची हनुवटी धरली. "खरंच हललं. हसा ना!"

भोंगा हसायला गेला, पण त्याला हसता येईना. तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो हमसून हमसून रडला.